यंत्राची दृष्टी : तिचा खर्च व तिची जोखीम

डाळ-गिरण्यांतून आज जी सॉर्टेक्स यंत्रे दिसतात, त्यांत धान्याची धार कॅमेऱ्यासमोरून पडते आणि डागी दाणा हवेच्या फटकाऱ्याने बाजूस उडविला जातो. जुनी यंत्रे केवळ रंगाचा फरक पाहत. नव्या यंत्रांपैकी काहींना हजारो चित्रे दाखवून पारख शिकविलेली असते. हीच कृत्रिम बुद्धी मोटार हाकण्याच्या कामीही योजिली जाते. तेव्हा तिला स्वस्त करताना काय गमावले जाते, हे व्यापाऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम खर्चाचा हिशेब पाहू. २०१२ साली गाजलेल्या 'अ‍ॅलेक्सनेट' या रचनेस सुमारे १२ लक्ष चित्रांवर शिकविण्यात आले. तिच्यात ६ कोटी अंक होते व ते बसविण्यास दोन ग्राफिक कार्डांना पाच-सहा दिवस लागले. २०२० पासून निराळी पद्धत रूढ झाली. चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा इतर साऱ्यांशी ताडून पाहावयाचा. एका बाजूस २२४ बिंदू असलेले चौरस चित्र १६ बिंदूंच्या चौकटींत कापले, तर १९६ तुकडे होतात व तुलना ३८,४१६ होतात. बाजू दुप्पट केली, की तुकडे ७८४ आणि तुलना ६,१४,६५६. माल चौपट, हमाली मात्र सोळापट!

म्हणून काटकसर आली. ३२ अंशी अंक ८ अंशी केले, की जागा चौथाईवर येते. कमी उपयोगाचे अंक छाटूनही टाकतात. २०१७ च्या 'मोबाइलनेट' रचनेने अचूकतेत थोडीच घट सोसून गणित आठ-नऊ पटींनी कमी केले. अशी काटकसर गैर नव्हे. दाणा खाली पडण्यापूर्वी निर्णय व्हावयाचा असतो. दूरच्या मोठ्या संगणकाचे उत्तर येईपर्यंत तो पोत्यात गेलेला असेल.

परंतु येथेच मेख आहे. २०१९ साली संशोधकांनी दाखविले, की छाटलेल्या रचनेची सरासरी अचूकता जवळजवळ तीच राहते. तूट पडते ती क्वचित दिसणाऱ्या चित्रांवर. समजा, बाजरीच्या दहा हजार दाण्यांत धोत्र्याचे दहा बी आहेत. यंत्राने ते दहाही सोडले व बाकी सर्व बरोबर ओळखले, तर त्याची अचूकता ९९.९ टक्के भरेल. विक्रेता हा आकडा मोठ्या अक्षरांत छापील, आणि तो खोटाही नसेल. विषबाधा मात्र त्या दहांनीच होईल.

दुसरी जोखीम संशयाच्या क्षणाची. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील टेंपी गावी उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीच्या धडकेने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मृत्यू पावली. सरकारी चौकशीत आढळले, की यंत्राला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ते तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी इतर काही समजत राहिले. माणूस म्हणून तिची ओळख पटलीच नाही. देखरेखीस बसलेल्या चालिकेचे लक्षही रस्त्यावर नव्हते. आपल्या मुनिजनांची ईर्यासमिती या ठिकाणी आठवते. चार हात भूमी निरखून चालणारा साधू पुढे काही हलताच पाऊल आवरतो. जीव कोणता, हे ठरेपर्यंत चालत राहत नाही. त्या यंत्रास ओळखण्याचे शिक्षण होते, थबकण्याचे पुरेसे नव्हते.

दुष्टबुद्धीने फसविण्याचा धोका वेगळाच. 'थांबा' या पाटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या चिकटवून ती यंत्राकरवी वेगमर्यादेची पाटी म्हणून वाचविता येते, हे अमेरिकन संशोधकांनी २०१८ साली सिद्ध केले.

यंत्र खरेदी करताना सरासरी विचारून थांबू नये. आपल्याच मालात मोजून धोत्र्याचे बी, खडे, लाखेचे दाणे मिसळावेत व किती सुटले ते प्रत्येकाचे स्वतंत्र लिहावे. संशयित दाणा यंत्र चांगल्या मालात टाकते की बाजूस काढते, हेही पाहावे. बाजूस काढल्याने थोडा चांगला माल वाया जाईल. ती तूट भावात धरावी. आणि विक्रेत्याने यंत्रातील प्रणाली बदलली, की हीच परीक्षा त्याच मिश्रणावर पुन्हा घ्यावी.