ऋण गुणिले ऋण: कपाशीच्या शंभर झाडांवर करून बघायची कृती

सातवीत पूर्णांक संख्यांचा गुणाकार आला की मुलं ‘ऋण ऋण धन’ पाठ करून मोकळी होतात, आणि घरी कुणी ‘असं का?’ विचारलं की वही मिटते. ती मिटू देऊ नका. लेकराला शेजारी बसवा आणि खालची कृती क्रमाने करत चला, एकही पायरी न गाळता. राळेगाव, घाटंजी, पांढरकवड्याकडे चौफुलीवर लावलेली कपाशी तुम्ही पाहिली असेल. झाडं उभी-आडवी अशी दोन्हीकडून सरळ रांगेत असतात, म्हणून डवराही दोन्हीकडून फिरवता येतो. तेच वावर आता वहीत उतरवायचं आहे.

जवळ घ्या: चौकटीची वही, पेन्सिल, एक निळा पेन, एक लाल पेन. खोडरबर दूर ठेवा. आज काट मारलेलं दिसत राहायला हवं.

वावर मांडा

१. पेन्सिलने एका ओळीत १० फुल्या काढा, एका चौकटीत एक. एक फुली म्हणजे एक पऱ्हाटी.

२. तिच्याखाली तशाच आणखी ९ ओळी काढा. फुलीखाली फुली आली पाहिजे. एखादी चौकट सुटली तर पुढचा सगळा हिशेब बिघडेल, म्हणून इथे घाई नको.

३. बाजूला लिहा: १० × १० = १००.

४. निळ्या पेनाने खालच्या २ आडव्या ओळींवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारा. या ओळी रोह्यांनी खाल्ल्या असं धरा.

५. लिहा: (−२) × १० = −२०. दोन ओळी गेल्या, प्रत्येकीत दहा झाडं होती. इथवर कुणालाच शंका नसते.

६. आता लाल पेनाने उजवीकडच्या ३ उभ्या रांगांवर काट मारा. हा भाग नाल्याकाठचा, पाणी साचून गेला. सांभाळा: निळ्या रेघांपाशी हात आपोआप थांबतो. थांबू नका, लाल रेघ निळ्यावरून नेत अगदी तळापर्यंत ओढा. सगळी गंमत त्या कोपऱ्यात आहे.

७. लिहा: १० × (−३) = −३०.

हिशेब जुळवा

८. वजाबाकी करा: १०० − २० − ३० = ५०.

९. आता काट न मारलेल्या फुल्या बोट ठेवून मोजा. वर ८ ओळी राहिल्या, प्रत्येकीत ७ फुल्या. ५६ भरल्या पाहिजेत. कमी-जास्त भरल्या तर पायरी २ वर परत जा; फुली कुठेतरी सुटली आहे.

१०. ५० आणि ५६ शेजारी शेजारी लिहा. लेकराला विचारा, ‘सहा झाडं कुठून आली?’ उत्तर तुम्ही सांगू नका. कागद त्याच्यासमोर सरकवा आणि थोडा वेळ जाऊ द्या.

११. खालच्या उजव्या कोपऱ्यात निळी आणि लाल अशा दोन्ही रेघा ज्या फुल्यांवर आहेत, त्यांना गोल करा. दोन ओळी, तीन रांगा: ६ फुल्या.

१२. या सहा फुल्यांकडे नीट बघा. निळ्याने त्यांना नुकसानीत एकदा धरलं, लालने पुन्हा धरलं. रोह्यांनी खाल्लेली पऱ्हाटी पाण्याने दुसऱ्यांदा मरत नाही. म्हणजे आपण सहा झाडं जास्तीची वजा केली. ती परत द्यावी लागतात.

१३. लिहा: १०० − २० − ३० + ६ = ५६. जुळलं!

१४. आता हीच गोष्ट कंसात मांडा: (१० − २) × (१० − ३). पहिल्या कंसातल्या प्रत्येक संख्येला दुसऱ्या कंसातल्या प्रत्येकीने गुणा. गुणाकार चार होतात, तीन नाही. चौथा विसरला जातो, म्हणून चारही एकाखाली एक लिहा:

१० × १० = १००
१० × (−३) = −३०
(−२) × १० = −२०
(−२) × (−३) = ?

१५. प्रश्नचिन्हाच्या जागी −६ घालून बघा. बेरीज ४४ येते. वावरात ५६ झाडं उभी आहेत, तुम्ही आत्ताच मोजलीत. शून्य घाला, ५० येतात. +६ घाला, ५६ येतात. दुसरी कुठलीही संख्या तिथे बसत नाही. मला या कृतीतली ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते: धन चिन्ह कुणी आपल्यावर लादलेलं नाही, हिशेब खरा राहायला ते लागतंच.

१६. नवी फुल्यांची चौकट काढून ४ ओळी आणि ५ रांगांवर काट मारा. १०० − ४० − ५० + २० = ३०, आणि मोजल्यावर ६ × ५ = ३०. हे लेकराने एकट्याने करावं. तुम्ही फक्त रेघ तळापर्यंत गेली की नाही ते बघा.

आता चित्राशिवाय

हुशार पोर विचारेलच की वावर नसेल तर काय? त्यासाठी ही छोटी वाट.

१७. लिहा: (−२) × [३ + (−३)].

१८. आधी चौकोनी कंस सोडवा. ३ आणि −३ मिळून शून्य. कशालाही शून्याने गुणलं तर शून्य, म्हणून सगळ्याचं उत्तर ०.

१९. आता तोच कंस फोडून लिहा: (−२) × ३ + (−२) × (−३).

२०. पहिला तुकडा भरा: −६. सांभाळा, दुसऱ्या तुकड्याला अजून हात लावायचा नाही. तोच तर शोधायचा आहे.

२१. स्वतःला विचारा: −६ मध्ये किती मिळवले की ० होतात? +६. दुसऱ्या तुकड्याच्या जागी तेच लिहा.

पेपरात कुठे चुकतं

गुणाकार समजलेलं पोरही इथे घसरतं, म्हणून हा भाग उरकून टाकू नका.

२२. लिहा: −२ − ३. खाली लिहा: (−२) × (−३). पहिल्यात गुणाकार नाहीच. दोन गेले, आणखी तीन गेले, उत्तर −५. बरीच मुलं ‘ऋण ऋण धन’ म्हणत तिथे +५ लिहून येतात. त्यात पाठांतराचाच दोष जास्त, कारण पाठ केलेल्या तीन शब्दांत ‘गुणाकार’ हा शब्दच नाही. आजपासून पूर्ण म्हणायची सवय लावा: ‘ऋण गुणिले ऋण, धन.’

२३. प्रत्येक गणितात चिन्ह ठरवण्याआधी, दोन संख्यांमध्ये गुणाकार आहे का, यावर बोट ठेवा. लगतचे दोन कंस, मध्ये काही लिहिलेलं नसलं, तरी गुणाकारच असतो.

२४. तीन ऋण संख्या आल्या तर दोन-दोन घ्या. (−२) × (−३) × (−४): आधी ६, मग ६ × (−४) = −२४. तिन्ही एकदम गिळायला गेलात की चिन्ह हरवतं.

२५. घातांक आला तर कंस बघा. (−३)² म्हणजे ९; −३² म्हणजे −९, कारण तिथे वर्ग फक्त तीनचा आहे.

आणि लगेच वापरा

२६. वहीत लिहा: ९८ × ९७.

२७. दोन्हींची शंभराला किती तूट आहे ते लिहा: −२ आणि −३.

२८. दोन्ही तुटी शंभरातून काढा: १०० − २ − ३ = ९५. हे उत्तराचे पुढचे दोन आकडे.

२९. तुटींचा गुणाकार करा: (−२) × (−३) = ६. मघाचा कोपरा तो हाच. वावर तेवढं १०० × १०० चं झालं.

३०. मागे दोन घरं भरून लिहा: ०६. उत्तर ९५०६. नुसता ६ लिहिलात तर ९५६ होतील, आणि हजारांचा हिशेब शेकड्यावर येईल.

३१. आता ९६ × ९३ लेकराला द्या. ८९ आणि २८, म्हणजे ८९२८.

३२. ते जमलं की ८८ × ८७ द्या. इथे तुटींचा गुणाकार १५६ येतो, दोन घरांत मावत नाही. ५६ ठेवा आणि हातचा १ पुढच्या ७५ मध्ये मिळवा: ७६५६. हातचा विसरला की उत्तर बरोबर शंभराने कमी येतं, तेव्हा चूक शोधताना आधी तिथेच बघा.