टॅक्स गेलेला नाही

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२६

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

काल चित्राचा फोन आला होता. तू ऑगस्टपासून सोशल सिक्युरिटीची पेन्शन सुरू केलीस, हे मला तिच्याकडून कळावं? वर टॅक्स कापून घेतच नाहीस म्हणे, कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ‘आता टॅक्स माफ’ असं टाकलं. उभा जन्म इंजिनिअर म्हणून काढलास आणि फॉरवर्डवर विसंबलास!

अरे, टॅक्स गेलेला नाही. १९८४पासून आहे. इतर उत्पन्न अधिक निम्मी सोशल सिक्युरिटी, ही बेरीज जोडप्याची ३२,००० डॉलरच्या वर गेली की तो लागू होतो; ४४,०००च्या वर बेनिफिटचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग उत्पन्नात धरतात. महागाई कुठल्या कुठे गेली, या रेषा तिथेच. आणि त्या बेरजेत तुझ्या कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येतं, एनआरई एफडीचं व्याजही येतं. तिकडे हे व्याज करमुक्त म्हणून इकडेही, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात.

गेल्या जुलैच्या कायद्याने दिली ती निराळी सवलत. पासष्टी गाठलेल्या प्रत्येकाला ६,००० डॉलरची जादा वजावट, तीही २०२५ ते २०२८ एवढीच. जोडप्याचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की तीही घटत जाते. तू चौसष्ट वर्षांचा, म्हणजे २०२५च्या रिटर्नमध्ये तुला छदाम नाही. पुढची तीन वर्षं मिळेल. चित्राची पासष्टी २०२९मध्ये! कायदा वाढवला नाही तर तिच्या वाट्याला काहीच नाही.

टॅक्सचं एक वेळ निभेल, पण या घाईचं मला जास्त लागलं. सदुसष्टऐवजी चौसष्टला सुरू केलंस, तर महिन्याची रक्कम २० टक्क्यांनी कमी झाली, कायमची. तुझ्यामागे चित्राला मिळेल तेही कमी. शिवाय एकट्या माणसाला ती ३२ हजारांची रेषा २५ हजारांवर येते.

मी तरी कुठला शहाणा? तुझ्या काकूला वर्षानुवर्षं एक कागद दाखवला नाही. ‘तुला यातलं काय कळतंय’ म्हणायचो. आता ती चष्मा लावून शेजारी बसते आणि माझ्या बेरजा दुरुस्त करते. हे पन्नाशीतच सुरू करायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

रागावलो ते मनाला लावून घेऊ नकोस. पगार थांबला की भल्याभल्यांचा धीर सुटतो, मला ठाऊक आहे. अजून वाट आहे. बारा महिन्यांच्या आत अर्ज मागे घेता येतो. मिळालेले सगळे पैसे परत करावे लागतात आणि ही मुभा एकदाच. ते नकोच असेल, तर निदान डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून दहा टक्के कापायला सांग. म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये तरी धावपळ नको.

परत करायची रक्कम हाताशी नसेल, तर संकोचू नकोस. दादा असता तर त्याने मला विचारू दिलं नसतं, आधी चेक लिहिला असता. मीही तेच करीन.

शनिवारी जेवायलाच या. एसएसए-१०९९ आणि पुण्याच्या बँकेची व्याजाची पत्रकं बरोबर आण. आणि कागद उघडशील तेव्हा चित्राला स्वयंपाकघरात पाठवू नकोस, टेबलाशी बसव.

तुझा,
अण्णाकाका