मत्स्यटाकीतील पाण्याचे तापमान

वसतिगृहाच्या वाचनकक्षातील काचेच्या टाकीत आम्ही एके वर्षी गोल्डफिश, गप्पी, निऑन टेट्रा व एंजल एकत्र सोडले होते. जानेवारीतील एका पहाटे एंजल तळाशी निपचित दिसले. आम्ही लगबगीने ऊन पाणी ओतले. दुपारपर्यंत दोन मासे गेले. दोष थंडीचा कमी, आमच्या घाईचा अधिक. माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच उष्ण वा थंड असते. आकस्मिक बदल त्यास सोसत नाही.

तापमान ठरविताना सरासरी काढू नये, सर्वांना मानवेल असा समाईक पट्टा शोधावा. निऑनला साधारण २० ते २६, गप्पीला २२ ते २८, एंजलला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. उरतो तो २४ ते २६ चा पट्टा. आम्ही २५ निश्चित केले. गोल्डफिश थंड पाण्याचा जीव, म्हणून त्यास निराळी टाकी दिली. मुले त्यावर काही दिवस रुसली होती.

उन्हाळ्यात हीटर बंद असूनही पारा ३० वर जातो. २० अंशांस एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांस सुमारे ७.५, माशाची गरज मात्र उष्णतेने वाढते. अशा वेळी हवेचा पंप अखंड चालवावा, बर्फ टाकू नये. पहाटे व दुपारी तापमापी वाचून वहीत नोंद करण्याचे काम सध्या सातवीच्या मुलींकडे आहे.