सदोष वस्तूंची माघार : पेट्रोलवरील बागकामाची अवजारे आणि ग्राहक संरक्षण

हुगळीच्या पूर्व तीरावरील बजबज हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असते ते 1914 सालच्या 'कोमागाटा मारू' प्रकरणामुळे. अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकासाठी मात्र त्याची ओळख निराळी आहे. तागाच्या गिरण्यांबरोबरच खनिज तेलाच्या साठवणुकीचे हे पूर्व भारतातील जुने केंद्र होय. येथील टाक्यांच्या परिसरात काडेपेटी नेण्यासही मज्जाव असतो, कारण 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार 23 अंश सेल्सिअसपेक्षा कमी ज्वलनबिंदू असलेले इंधन 'अ' वर्गात, म्हणजे सर्वाधिक धोकादायक वर्गात मोडते. पेट्रोलचा ज्वलनबिंदू तर शून्याखाली सुमारे 40 अंश आहे. या साठवणुकीवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

हेच पेट्रोल डेपोतून टँकरने पंपावर आणि तेथून डब्यात भरून शेता-बागेत पोहोचते, तेव्हा नियमनाची ही घट्ट वीण सैल होते. विक्रीसाठी नसलेले 'अ' वर्गातील इंधन 30 लिटरपर्यंत जवळ बाळगण्यास कायद्याच्या कलम 8 नुसार, योग्य भांड्यात ठेवण्याच्या अटीवर, परवाना लागत नाही. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर गवत काढणारा ग्रासकटर, भाजीपाल्याच्या वाफ्यांतील पॉवर विडर, पाठीवरचा फवारणी पंप ही सारी यंत्रे लहान पेट्रोल इंजिनावर चालतात. इंधनाची टाकी वापरणाऱ्याच्या अंगापासून हातभर अंतरावर, तर तापलेला धूरनळा त्याहूनही जवळ असतो. टाकीच्या झाकणातून होणारी किंचित गळतीही येथे भाजण्यास पुरेशी ठरते.

या संदर्भात 2011 मधील एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. श्टिल या जर्मन कंपनीच्या अमेरिकी शाखेने गवत कापण्याची, कुंपण छाटण्याची व पालापाचोळा उडवण्याची सुमारे 23 लाख यंत्रे दुरुस्तीसाठी परत मागवली. (अमेरिकेत पेट्रोललाच 'गॅस' म्हणतात; त्यामुळे तेथील 'गॅसवरील अवजारे' म्हणजे आपली पेट्रोलवरील अवजारे.) दोष इंजिनात किंवा पात्यात नव्हता, तर अवजाराविना हाताने उघडता येणाऱ्या इंधन-झाकणात होता. पेट्रोलमधील इथेनॉल व इतर मिश्रद्रव्यांमुळे झाकणाचा आकार बिघडून इंधन सांडण्याची शक्यता निर्माण झाली होती. ही माघार अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत जाहीर झाली. 1972 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या आयोगाला धोकादायक दोषाची माहिती तत्काळ कळवणे उत्पादकावर बंधनकारक आहे.

भारतीय वाचकाने येथे थांबून विचार करावा. इथेनॉल-मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाले. त्यांपैकी दोन आपल्या मिरज आणि मनमाड येथील होते. 2003 पासून पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, 2022 मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचा. परकीय चलनाची बचत आणि ऊस उत्पादकाला मिळणारा आधार पाहता हे धोरण समर्थनीयच आहे. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते, काही प्रकारचे रबर व प्लॅस्टिक त्यामुळे फुगते किंवा मऊ पडते. आधुनिक मोटारीतील संवेदक इंधन-हवेचे प्रमाण आपोआप जुळवून घेतात. साध्या कार्बोरेटरच्या लहान इंजिनात ही सोय नसते. इंधनाच्या मानाने हवा अधिक झाली की इंजिन तापते, रिकाम्या चालीचा वेग वाढतो आणि क्लच आपोआप गुंतून पाते फिरू लागण्याचा संभव असतो. म्हणूनच अमेरिकेत पंधरा टक्के इथेनॉलचे पेट्रोल अशा लहान इंजिनांत वापरण्यास मनाई असून पंपावर तशी सूचना लावावी लागते.

भारतात वस्तू परत मागवण्याचा कायदेशीर आधार आता पुरेसा स्पष्ट आहे. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 20 नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू माघारी घेण्याचा व ग्राहकास किंमत परत देण्याचा आदेश देऊ शकते. याच कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भारतीय मानक ब्यूरो कायदा, 2016 मानकात न बसणाऱ्या मालाच्या माघारीची तरतूद करतो. मोटार वाहनांसाठी 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले. परीक्षार्थींनी या तीन कायद्यांची गल्लत करू नये. ग्रासकटर हे मोटार वाहन नव्हे, त्यामुळे त्याला तिसरा कायदा लागू होत नाही.

कायदा असूनही माघार यशस्वी होते का, हा खरा प्रश्न आहे. ऑगस्ट 2022 मध्ये प्राधिकरणाने मानकाची पूर्तता न करणाऱ्या 2,265 प्रेशर कुकरबाबत ॲमेझॉनला माघारीचा आदेश व एक लाख रुपये दंड केला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दंडाची रक्कम जमा करण्यास व खरेदीदारांना कळवण्यास सांगितले. येथे ग्राहकांना कळवणे शक्य होते, कारण ऑनलाइन विक्रेत्याकडे प्रत्येकाचा पत्ता होता. मोटारीच्या मालकाचे नाव परिवहन कार्यालयात असते. तालुक्याच्या बाजारात पावतीविना घेतलेल्या ग्रासकटरचा मालक कोण, हे उत्पादकासही ठाऊक नसते. यंत्र हातोहात विकले, भाड्याने दिले की उरलासुरला धागाही तुटतो.

एक मार्ग मात्र सरकारच्याच हाती आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अनुदानावर घेतलेल्या यंत्रांच्या लाभार्थ्यांची नोंद महाराष्ट्रात महाडीबीटी संकेतस्थळावर होते. अनुदान देण्यासाठी गोळा केलेली हीच यादी, यंत्राच्या अनुक्रमांकासह, दोषाची सूचना पोहोचवण्यासाठी वापरता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज दिसत नाही. कृषी विभाग आणि ग्राहक व्यवहार विभाग यांच्यात समन्वय हवा. विनाअनुदान खरेदी करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी सुटे भाग विकणारे दुकानदार आणि गावोगावचे दुरुस्ती कारागीर हाच दुवा आहे, कारण झाकण बिघडले की शेतकरी प्रथम त्यांच्याकडेच जातो.