अडलेली मोटर

सुताराच्या कारखान्यात पाऊल टाकताच आपले कान आधी जागे होतात. पूर्वी तेथे हातकरवतीची खरखर, रंध्याची सरसर आणि पटाशीवर पडणाऱ्या हातोड्याची ठकठक ऐकू येई. ही जुनी हत्यारे आजही गेलेली नाहीत. परंतु जाड ओंडके चिरण्याचे आणि फळ्या तासण्याचे कष्टाचे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात. या यंत्रांना फिरविते ती विजेची मोटर. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे 746 वॅट शक्ती. दोन धट्टीकट्टी माणसे दिवसभर करवत ओढूनही तिची बरोबरी करू शकणार नाहीत. अशी ही मोटर एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर जागची हललीच नाही, तर सारा कारखाना खोळंबतो. अशा वेळी "मोटर जळली!" असे म्हणून मोकळे होणारे लोक पुष्कळ भेटतात. नाडी न पाहताच रोगाचे नाव सांगणाऱ्या वैद्यासारखेच हे झाले.

एका लहानशा कारखान्यातील प्रसंग पाहा. शाळेची बाके तयार करून द्यावयाची होती आणि जून महिना तोंडावर आला होता. उमेदवारी करणाऱ्या मुलाने सकाळी गोल करवतीचे बटण दाबले. टेबलाखालून "हूंऽऽ" असा जड आवाज आला, पण करवतीचे पाते तसूभरही सरकले नाही. मुलाने जवळचीच एक लाकडी पट्टी उचलली आणि पात्याला ढकलून गती द्यावी म्हणून तो पुढे वाकला.

"हात मागे घे!" मिस्त्री दारातूनच ओरडले. "आधी बटण बंद कर!"

मुलाने चटकन बटण बंद केले. मिस्त्रींनी भिंतीजवळ जाऊन यंत्राची पिन काढली आणि ती सर्वांना दिसेल अशी टेबलावर आणून ठेवली.

"पण काका," मुलगा म्हणाला, "थोडा धक्का दिला असता तर करवत फिरली असती ना?"

"फिरली असती. म्हणूनच तर ओरडलो!"

मिस्त्रींचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अशा मोटरीचा आस मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 24. धक्का मिळताच पाते क्षणार्धात वेग घेते आणि ढकलणारा हात त्या वेळी पात्यापाशीच असतो. शिवाय अडलेली मोटर ज्या बाजूला धक्का मिळेल त्या बाजूला फिरू लागते. उलटी फिरली, तर पाते घट्ट धरून ठेवणारा नट सैल होण्याचा संभव असतो. सुताराचे सारे पोट त्याच्या दहा बोटांवर अवलंबून असते. एका सकाळचे काम वाचविण्यासाठी ती पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे.

मोटर का अडली, याचा शोध घेताना पहिली परीक्षा डोळ्यांची नसून कानांची असते. बटण दाबल्यावर मोटर अगदी मुकी राहिली, की नुसती गुणगुणली? मुकी राहिली, तर वीज बहुधा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग वाटेवर एकेक ठाणे तपासीत जावे लागते: घरात वीज आहे काय, फ्यूज उडाला किंवा एमसीबी खाली पडला काय, पिनेतील तार निसटली काय, बटणात भुसा शिरला काय. हे काम मुख्यतः चिकाटीचे आहे. मात्र यात एक गोष्ट फसवी असते. कित्येक मोटरींत फाजील तापल्यास वीज तोडणारा एक रक्षक खटका बसविलेला असतो. काही ठिकाणी तो हाताने पुन्हा दाबावा लागतो. पण काही मोटरींत तो थंड झाल्यावर आपोआप जुळतो. बटण चालूच ठेवून कोणी मुक्या यंत्रात हात घालून बसला असेल, तर अर्ध्या तासाने ते यंत्र न सांगता सुरू होईल! मिस्त्रींनी पिन काढून डोळ्यांसमोर ठेवली, ती याचसाठी.

आपल्या कारखान्यातील मोटर मुकी नव्हती, ती गुणगुणत होती. तेव्हा तिच्यापर्यंत वीज पोहोचत होती, हे उघड झाले. मग ती फिरत का नव्हती?

हे समजण्यासाठी आपण क्षणभर जात्याकडे वळू. घरोघरी येणारी वीज ही एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदात 100 वेळा आपली दिशा पालटते. मोटरीच्या स्थिर भागावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून ही वीज गेली, की लोखंडाला आळीपाळीने पुढे आणि मागे असे चुंबकीय हिसके बसतात. त्या थरथरीचाच तो "हूंऽऽ" आवाज. आता अशी कल्पना करा, की जात्याचा खुंटा अगदी तुमच्या समोर, तुमच्या आणि जात्याच्या मध्याच्या सरळ रेषेत आहे. तुम्ही तो कितीही जोराने सरळ पुढे ढकलला किंवा मागे ओढला, तरी जाते फिरेल काय? नाही. पण जाते एकदा फिरत असले, म्हणजे तीच ढकल आणि तीच ओढ त्याला फिरते ठेवण्यास पुरते. मग पहिली गती द्यावयाची कोणी? त्यासाठी शेजारी काटकोनात दुसरी व्यक्ती बसवावी आणि तिने पहिलीच्या किंचित आधी हात लावावा. दोघींच्या ओढीचा असा मेळ बसला, की जाते आपोआप गरगरू लागते.

मोटरीत नेमके हेच केलेले असते. मुख्य वेटोळ्याच्या जोडीला काटकोनात एक दुसरे वेटोळे असते. त्यातील वीज जरा आधी उसळावी म्हणून तिच्या वाटेवर एक डबी बसविलेली असते. पुस्तकात तिला धारित्र म्हणतात, कारागीर कंडेन्सर म्हणतात. दोन वेटोळ्यांच्या अशा मेळाने चुंबकाचा जोर गोल फिरू लागतो आणि त्याच्यामागे मोटरीचा आसही ओढला जातो. फिरत्या चुंबकीय जोराची ही युक्ती इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. दोघांनीही ती 1888 साली जगापुढे मांडली. मोठ्या गिरण्यांतील मोटरींना तीन तारांनी तीन फेजांची वीज मिळते, त्यामुळे त्यांना जोडीदार वेटोळ्याची गरज नसते. पण त्यांतील एका तारेचा फ्यूज उडाला, तर त्याही आपल्या मोटरीसारख्या जागच्या जागी गुणगुणत राहतात.

गती मिळाल्यानंतर जोडीदाराचे काम संपते. पूर्ण वेगाच्या सुमारे तीनचतुर्थांश वेग आला, की आसावर बसविलेली लहान वजने बाहेर फेकली जातात आणि एक खटका उघडून दुसऱ्या वेटोळ्याची वीज तोडतात. मोटर थांबताना ती वजने स्प्रिंगच्या ओढीने परत आत येतात आणि खटका पुन्हा जुळतो. पुढच्या वेळी मोटर सुरू होणार, ती या जुळण्याच्या भरवशावर.

मिस्त्रींना हे सारे ठाऊक होते. तरीही त्यांनी एकदम मोटर उघडली नाही. प्रथम त्यांनी करवतीचा पट्टा उतरविला. जाड कापड हाताशी धरून त्यांनी पाते सावकाश फिरवून पाहिले. पाते सहज फिरले. कोठे चीप अडकली नव्हती. मग मोटरीची पुली फिरविली. तीही मोकळी होती. बेअरिंग धरले असते, तर येथेच कळून आले असते. नंतर त्यांनी पट्ट्यावाचून, सर्वांना दूर उभे करून, पिन लावली आणि दोन सेकंदच बटण दाबले. पुन्हा तोच आवाज! तेव्हा ओझे जास्त झाल्यामुळे मोटर अडली, ही शंकाही उरली नाही.

दोन सेकंदच का? अडलेली मोटर नेहमीच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढते. विजेचा प्रवाह पाचपट झाला, की उष्णता पंचवीसपट होते. त्यातच मोटरीचा पंखा आसावरच बसविलेला असल्यामुळे वाराही मिळत नाही. म्हणून गुणगुणती मोटर चालू ठेवून विचार करीत बसणारा मनुष्य शेवटी खरोखरच जळलेली मोटर पाहतो.

"काका, वीज कमी येत असेल तर?" मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. विजेचा दाब 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्टच मिळाला, तर मोटरीचा जोर सुमारे तीनपंचमांशच उरतो. लांबलचक बारीक वायर जोडली तरी असेच घडते. पण त्या दिवशी शेजारचा यांत्रिक रंधा त्याच विजेवर व्यवस्थित चालत होता आणि वायरही आखूड होती. आता संशय दुसऱ्या वेटोळ्याच्या वाटेवर येऊन थांबला.

पुढचे काम मिस्त्रींनी स्वतः केले नाही. त्यांनी वायरमनला बोलावणे पाठविले. पिन काढून ठेवल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते, आणि उघड्या टोकांना बोट लागले तर जबर धक्का बसतो. वायरमनने येताच आधी पिन टेबलावर आहे ना, हे पाहिले. मग एका दिव्याच्या तारा टोकांना लावून कंडेन्सर रिता केला. डबी फुगली नव्हती, तिच्यातून तेलही पाझरत नव्हते. त्याने मीटर लावून ती तपासली, तेव्हा ती ठीक निघाली. मग त्याने मोटरीचे मागचे झाकण काढले.

आतून सागवानाचा वास आला! बेअरिंगमधून झिरपलेल्या तेलात लाकडाचा पिठासारखा बारीक भुसा मिसळून त्याचा चिकट राळा झाला होता. तो खटक्याच्या दोन टोकांमध्ये असा बसला होता, की वजने परत आत येऊनही टोके जुळत नव्हती. जोडीदार जात्यापाशी हजर होता, पण त्याचा हात खुंट्यापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणा ना.

वायरमनने कोरड्या कुंचल्याने भुसा काढला, तेल पुसले, काळी पडलेली टोके बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासली आणि झाकण लावले. मिस्त्रींनी तोवर दुसऱ्याच कामाला हात घातला होता. टेबलाखाली भुसा सरळ मोटरीवर पडत असे; तेथे त्यांनी एक तिरकी फळी ठोकली. फळीवरून भुसा बाजूच्या पेटीत घसरू लागला, आणि मोटरीची वारा घेण्याची भोकेही मोकळी राहिली. या सगळ्यात दुपार झाली होती.

पट्टा न चढविताच पिन लावली. मुलाने मिस्त्रींकडे पाहिले, त्यांनी मान हलविली, आणि त्याने बटण दाबले. मोटर एका दमात फिरू लागली.

"आता बंद कर आणि ऐक," मिस्त्री म्हणाले.

वेग कमी होत गेला, आवाज खाली उतरत गेला, आणि आस थांबण्यापूर्वी आतून स्पष्ट ऐकू आले: टक्!

"खटका जुळला," मुलगा म्हणाला.

"उद्या सकाळी पुन्हा सुरू होईल. आण तो पट्टा. पण आधी ती पिन काढ."