किब्ल्याची दिशा आणि होकायंत्राची दुरुस्ती

नमाज अदा करताना मस्जिद-ए-हरामकडे तोंड करण्याचा आदेश दिव्य कुरआनात सूरह अल-बकराच्या १४४ व्या आयतीत आला आहे. नव्या घरात मुसल्ला अंथरताना आपण होकायंत्र पाहतो. परंतु काटा दाखवील ती उत्तर जशीच्या तशी खरी मानावी काय?

होकायंत्राचा काटा भौगोलिक उत्तर ध्रुवाकडे नव्हे, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावतो. खरी उत्तर आणि काट्याची उत्तर यांमधील कोनास दिक्पात म्हणतात. तो स्थळानुसार भिन्न असतो व काळानुसार हळूहळू बदलतो. खऱ्या उत्तरेपासून मोजलेल्या किब्ल्याच्या अंशांत पश्चिम दिक्पात मिळवावा, पूर्व दिक्पात वजा करावा. मग येणारा अंश होकायंत्रावर धरावा. मोबाइलमधील काही ॲप ही दुरुस्ती स्वतःच करतात. तेथे ती पुन्हा करू नये.

मुंबईहून किब्ला सुमारे २८० अंशांवर, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे आहे. येथील दिक्पात एका अंशाहूनही कमी असल्याने दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. मात्र कोकणातून गेलेली मुस्लिम कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, त्या केपटाउनचे उदाहरण घ्या. तेथून किब्ला सुमारे २३ अंशांवर असून दिक्पात सुमारे २५ अंश पश्चिमेकडे आहे. म्हणून होकायंत्रावर ४८ अंश धरावे लागतात. ही बेरीज विसरल्यास नमाजी ईशान्येच्या बाजूस वळण्याऐवजी जवळजवळ थेट उत्तरेकडे उभा राहील.

आपल्याकडे चूक घडते ती दुसऱ्या कारणाने. लोखंडी कपाट, स्लॅबमधील सळया, लाउडस्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरमधील चुंबक काट्यास खेचतात. यास्तव होकायंत्र मोकळ्या जागी, आडवे धरून, दोन-तीन ठिकाणी पडताळावे.

याहून सोपी कसोटी सूर्याची आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी, भारतीय वेळेनुसार, सूर्य काबागृहाच्या थेट माथ्यावर येतो. त्या क्षणी सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. उभ्या काठीची सावली तिच्या बरोबर उलट पडते.

तेव्हा मोबाइलचा बाण किंचित वेगळा दिसला म्हणून मस्जिदीत वाद घालू नये. आधी पडताळणी करावी. प्रामाणिक प्रयत्नानंतरही थोडा फरक राहिलाच, तर मनात शंका बाळगू नये. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडील भार टाकीत नाही, हा दिलासाही सूरह अल-बकरानेच दिला आहे.