शेतकरी मुंग्या आणि त्यांचे पांढरे कवच

मुंगीचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे साखरेचा डबा उभा राहतो. दाणा ओढत नेणारी, पावसाळ्याची बेगमी करणारी मुंगी आपल्या परिचयाची आहे. परंतु मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतील काही मुंग्या केवळ साठवण करून थांबत नाहीत. त्या चक्क शेती करतात. या शेतीचा, आणि तिच्यावर येणाऱ्या एका संकटाचा, परिचय आपण प्रस्तुत पाठात करून घेऊ.

या मुंग्या झाडांची पाने कापतात आणि ते तुकडे छत्रीसारखे डोक्यावर धरून रांगेने वारुळाकडे नेतात. पाने हेच त्यांचे अन्न असावे, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. थॉमस बेल्ट या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने मात्र निकाराग्वातील निरीक्षणांवरून १८७४ मध्ये निराळे मत मांडले. पाने हे अन्न नव्हे, ते खत आहे. त्यावर मुंग्या बुरशी वाढवतात. त्यांचे म्हणणे खरे ठरले. चघळून मऊ केलेल्या पानांवर वाढणारी ही बुरशीच मुंग्यांच्या अळ्या खातात. (आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते, तीही शेतीचीच खूण आहे. तेथील शेतकरी मात्र मुंगी नसून वाळवी असते.)

नवी राणी घर सोडते तेव्हा आपल्या मुखातील एका लहानशा पिशवीत बुरशीची चिमूट घेऊन निघते. सासरी जाणाऱ्या लेकीची जणू ही ओटीच! तीच चिमूट नव्या शेताचे बियाणे होते. परिणामी पिढ्यान् पिढ्या एकच वाण पिकत राहते. आणि सर्वत्र एकच वाण असले की एका रोगाने सारे शेत बसू शकते, हे कोणताही शेतकरी सांगेल.

तसा शत्रू आहेही. एस्कोव्होप्सिस नावाची परजीवी बुरशी आयत्या बिळावरील नागोबाप्रमाणे या बागेत शिरते आणि मुंग्यांच्या पिकावरच पोसली जाते. तिने जोर धरला तर अवघी बाग नष्ट होते आणि बागेबरोबर वसाहतही. मुंग्या खुरपणी करतात, रोगट भाग उपटून बाहेर टाकतात. परंतु एवढ्याने भागत नाही.

काही जातींच्या मुंग्यांच्या अंगावर पांढरट थर दिसतो. तो मेणासारखा एखादा पदार्थ असावा, असे समजून अभ्यासक वर्षानुवर्षे पुढे जात. कॅमेरॉन करी या तरुण कॅनेडियन संशोधकाने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा ते तंतुमय जिवाणू निघाले! या जिवाणूंपासून एस्कोव्होप्सिसची वाढ रोखणारे द्रव्य निर्माण होते, हे करी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हे जिवाणू स्यूडोनोकार्डिया कुलातील आहेत. मुंगीच्या कवचावर त्यांच्यासाठी सूक्ष्म खळगे असतात आणि त्या खळग्यांना जोडलेल्या ग्रंथी बहुधा त्यांचे पोषण करतात, असे २००६ मध्ये आढळले. मानवाला क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मिळाले, तेही याच जिवाणूंच्या मातीतील नातलगांपासून.

पाने कापणाऱ्या सर्वच मुंग्या मात्र या औषधावर विसंबत नाहीत. अट्टा कुलातील मुंग्यांच्या अंगावर हा थर नसतो. त्या आपल्या ग्रंथींतील स्रावाने बागेचे रक्षण करतात. निसर्गाने एकच नियम सर्वांना लावला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मानवाने प्रतिजैविके वापरात आणून अद्याप शंभर वर्षेही झाली नाहीत, तोच अनेक रोगजंतू त्यांना दाद देईनासे झाले. मुंग्यांची शेती तर कोट्यवधी वर्षांची. मग त्यांचे औषध निकामी कसे झाले नाही? एक स्पष्टीकरण असे, की आपले औषध बाटलीत बंद आहे, मुंगीचे औषध जिवंत आहे. शत्रू बदलतो, तसे जिवाणूही बदलू शकतात. अर्थात ही चढाओढ नेमकी कशी चालते, याविषयी संशोधकांत अद्याप मतभेद आहेत.

कोशातून बाहेर पडणाऱ्या मुंगीच्या अंगावर हा पांढरा थर नसतो. पहिल्या काही तासांत थोरल्या बहिणींच्या सहवासातून तो तिला मिळतो. नेमक्या त्याच वेळी तिला त्यांच्यापासून दूर ठेवले, तर तिचे अंग कोरेच राहते.